प्रकाशाचे जुळे कण

तमिळनाडूतील कुंभकोणम नगराजवळ दारासुरम येथे बाराव्या शतकातील ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. तेथील बलिपीठाच्या दगडी पायऱ्यांवर आघात केला असता निरनिराळे स्वर उमटतात. वस्तूचा नाद तिच्या आकारमानावर व घडणीवर अवलंबून असतो. प्रकाशाच्या बाबतीत याच्याशी तुलना करता येईल असा प्रकार एका अतिसूक्ष्म कणात आढळतो. त्यास क्वांटम बिंदू म्हणतात.

गॅलियम आर्सेनाइडच्या थरात इंडियम आर्सेनाइडची काही नॅनोमीटर उंचीची बेटे वाढविली, की असे बिंदू तयार होतात. बिंदू जितका लहान, तितका त्याचा प्रकाश निळ्या टोकाकडे सरकतो. लेसरच्या एका स्पंदाने त्यातील दोन इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर नेले, म्हणजे ते एकामागून एक खाली उतरतात व दोन प्रकाशकण बाहेर पडतात. बिंदू पुरेसा सममित असल्यास या जुळ्यांच्या ध्रुवणांत विलक्षण संबंध असतो: एकाचे मापन होताच दुसऱ्याचे ध्रुवण सांगता येते. कोणी मध्येच चोरून मापन केले, तर हा संबंध बिघडतो व चोरी उघडकीस येते. गुप्त संदेशवहनात या जुळ्यांना महत्त्व आहे ते यामुळेच.

ही कल्पना २००० साली मांडली गेली व २००६ साली प्रयोगाने सिद्ध झाली. परंतु अडचण निराळीच होती. पाण्यात बुडालेल्या दिव्याचे तिरपे किरण पृष्ठभागावरून परत फिरतात. तद्वतच बिंदूचा बहुतेक प्रकाश स्फटिकातच अडकतो. शेकडा दोनच्या आसपास कण बाहेर येतात. मग दोन्ही जुळे हाती लागण्याचा संभव किती अल्प!

यावर उपाय म्हणजे बिंदूभोवती आरशांची सूक्ष्म पोकळी रचणे. पोकळीशी जुळणारा प्रकाश लवकर उत्सर्जित होतो, हे पर्सेल यांनी १९४६ सालीच दाखविले होते; शिवाय तो एकाच दिशेने बाहेर पडतो. मात्र जुळ्यांचे रंग किंचित भिन्न असतात आणि पोकळी सहसा एकाच रंगास अनुकूल असते. पास्काल सेनेलार यांच्या फ्रान्समधील गटाने २०१० साली दोन सूक्ष्म स्तंभ एकमेकांस जोडून दोन्ही रंगांची सोय केली. तेव्हा शंभर स्पंदांमागे सुमारे बारा जोड्या मिळू लागल्या.

भारताने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. त्यातील संदेशवहनाचे केंद्र चेन्नईच्या आय. आय. टी. मद्रास या संस्थेत आहे. अशा संदेशवहनास प्रत्येक स्पंदागणिक खात्रीने एक जोडी देणारा प्रकाशस्रोत लाभला, तर त्याचा पाया अधिक भक्कम होईल.