फवारणीच्या इंजिनाचा कार्ब्युरेटर

वरूड तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें शेंदूरजनाघाट हें गांव संत्र्याच्या कलमांकरितां प्रसिद्ध आहे. परंतु आज मी फळाविषयीं बोलणार नसून, त्या फळाच्या रक्षणाकरितां बागेंत फिरणाऱ्या लहानशा पेट्रोल इंजिनाच्या एका मूठभर अवयवाविषयीं बोलणार आहें. शहरांतील श्रोत्यांनीं कंटाळूं नये. वीज गेली म्हणजे दुकानापुढें जें लहान जनित्र धडधडूं लागतें, त्यांतही हाच अवयव असतो.

आंबिया बहाराच्या वेळीं, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, संत्र्यास नवी पालवी फुटते आणि काळी माशी तिच्यावर अंडीं घालते. पिलें बाहेर पडण्याच्या सुमारास फवारा बसला तर उपयोग. पुढें तीं पानास चिकटून वाढलीं आणि त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरली, कीं ज्यास आमच्याकडे 'कोळशी' म्हणतात ती व्याधि झाडभर पसरते. संधि थोड्या दिवसांची असते. आणि नेमक्या त्याच सकाळीं, पावसाळ्यापासून कोपऱ्यांत पडलेलें इंजिन, दोरी ओढून ओढून हात भरून आले तरी सुरू होत नाहीं. अशा वेळीं दोष बहुधा इंजिनाचा नसून कार्ब्युरेटरचा असतो.

पेट्रोल द्रवरूपानें इंजिनांत जळत नाहीं. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा, असें मिश्रण व्हावें लागतें. हंगेरींतील बांकी व चोंका यांनीं १८९३ सालीं ज्या युक्तीचें पेटंट घेतलें, तिचेंच तत्त्व आजही चालतें. नळी मध्यें अरुंद केली म्हणजे तेथें हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि खालच्या वाटींतलें पेट्रोल बारीक भोकांतून तुषार होऊन वर येतें. फळ्यावर आकृति काढण्यापेक्षां मुलाच्या हातीं अत्तराची फवारणीची कुपी द्यावी. तें लौकर समजतें. वाटींतील पातळी फ्लोट नांवाचा तरता डबा राखतो. तो वर आला कीं एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. बारीक भोकाच्या पितळी तुकड्यास जेट म्हणतात. त्याचें भोक बहुधा एका मिलिमीटरहूनही लहान असतें, आणि सारा घोटाळा तेथेंच होतो.

साठविलेल्या पेट्रोलमधील हलके अंश उडून जातात व मागें डिंकासारखा थर राहतो. त्यांत आतां इथेनॉलची भर पडली आहे. आपल्या देशानें मिश्रणाचें १० टक्क्यांचें लक्ष्य २०२२ सालीं व २० टक्क्यांचें २०२५ सालीं गाठलें. उसाला व धान्याला गिऱ्हाईक मिळालें, हें चांगलेंच. तथापि इथेनॉल हवेंतील ओल शोषतें. पाणी फार झालें म्हणजे दोन्ही मिळून तळाशीं बसतात, धातूवर पांढरी बुकणी धरते आणि जुनें रबर फुगतें.

दुरुस्ती उघड्यावर, चुलीपासून व विडीपासून दूर करावी. इंजिन थंड असावें. प्लगची तार काढावी, पेट्रोलचा कॉक बंद करावा. गव्हर्नरची स्प्रिंग व सळई कोणत्या भोकांत होती, याचें मोबाईलवर चित्र घेतल्याखेरीज कांहींही सोडूं नये. जोडतांना निम्मा वेळ याच एका विसरानें जातो. मग वाटीचा बोल्ट काढून जुनें पेट्रोल भांड्यांत घ्यावें. फ्लोटची पिन सरकवून फ्लोट व सुई उचलावी. फ्लोट कानाशीं हलवावा. आंत खळखळलें तर तो निकामी झाला. सुईच्या टोंकास वर्तुळाकार खांच पडली असेल तर सुई बदलावी, नाहींतर पेट्रोल सारखें पाझरत राहील.

जेट नेमक्या मापाच्या पेचकसानें काढून उजेडाकडे धरावा. भोक स्वच्छ गोल दिसलें पाहिजे. येथें पुष्कळ कारागीर पोलादी तार खुपसतात, तें मला मुळींच पसंत नाहीं. पितळ मऊ; भोक किंचित् रुंदावलें तरी पेट्रोल जास्त जाऊं लागतें, काळा धूर येतो, प्लग काजळतो. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारावा, कांहीं वेळ भिजूं द्यावें, व सायकलच्या पंपानें उलट बाजूनें हवा सोडावी. अगदींच अडलें तर विजेच्या तारेंतील तांब्याचा एकच धागा घालावा. डोळ्यांस चष्मा हवा. रबरी कड्या क्लीनरांत टाकूं नयेत, त्या तत्काळ फुगतात. मिश्रणाचा स्क्रू असल्यास तो काढण्यापूर्वीं हलक्या हातानें शेवटपर्यंत आवळून फेरे मोजावे, व बसवितांना तितकेच सोडावे.

गॅस्केट नवें घालून जोडणी केल्यावर कॉक उघडून पांच मिनिटें नुसतें पाहावें. वाटीखालीं थेंब दिसला नाहीं तरच प्लगची तार लावून, चोक ओढून दोरीला हात घालावा. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, आणि उरलेल्यावर इंजिन चालवावें, म्हणजे वाटींतील पेट्रोल संपून तें आपोआप थांबतें. मग वाटीचा बोल्ट एकवार सैल करून तळाचा थेंबही काढावा.