हरवणाऱ्याला टाळ्या

२६ जून २०२२, रविवार. वांकिडीच्या आमच्या घरी बाबा टीव्हीसमोर बसले होते आणि त्यांचं तोंड उतरलेलं होतं. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर रणजी ट्रॉफीची फायनल संपत आली होती. एका बाजूला ४१ वेळा ट्रॉफी जिंकलेली मुंबई, दुसऱ्या बाजूला एकदाही न जिंकलेला मध्य प्रदेश. मध्य प्रदेशने मॅच सहा विकेट राखून जिंकली. खेळाडू धावत मैदानात आले आणि त्यांनी आपल्या साठ वर्षांच्या कोचला खांद्यावर उचलून घेतलं. कोचच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाबा कट्टर मुंबईवाले. मला वाटलं, आता रिमोट आपटून टीव्ही बंद करतील. तसं काही झालं नाही. ते थोडा वेळ बघत राहिले आणि मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा दोन-तीन टाळ्या वाजवल्या. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर आईला म्हणाले, "चहा टाक जरा."

तो कोच म्हणजे चंद्रकांत पंडित. मुंबईत जन्मलेला, मुंबईकडून खेळलेला, मुंबईला कोच म्हणून ट्रॉफ्या जिंकून दिलेला माणूस. आणि त्या दिवशी मुंबईला हरवणाराही तोच. या माणसाबद्दल आमच्या घरात पाच वर्षं जो वाद चालला, त्याची ही गोष्ट आहे.

एक घर, तीन संघ

आमच्यासारख्या सीमेवरच्या मराठी घरांत "आपला संघ कोणता?" हा प्रश्न सोपा नसतो. वांकिडी पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. त्यामुळे कागदावर आमचा रणजी संघ हैदराबाद. पण रस्ता धरून पुढे गेलं की महाराष्ट्र लागतो, राजुरा लागतं, आणि तिथे आमचं आजोळ. राजुरासुद्धा एकेकाळी आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते तिकडे गेलं, आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात. हद्द बदलली, सोयरिकी होत्या तशाच राहिल्या. गावात तेलुगू, मराठी, गोंडी, हिंदी सगळं चालतं.

बाबांनी हैदराबाद निवडलं नाही आणि विदर्भही निवडला नाही. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, तेव्हा ते शाळेत होते. रेडिओवर गावसकरांचं नाव ऐकलं आणि मुंबई त्यांची झाली. मुंबई त्यांनी तेव्हा पाहिलीही नव्हती.

राजुऱ्याचे मामा मात्र पक्के विदर्भाचे. मामा वेकोलित नोकरीला. कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव भारताकडून खेळला, याचा त्यांना घरच्यासारखा अभिमान. पण विदर्भाची रणजीतली अवस्था अशी की १९५७-५८ पासून खेळत असूनही पदरात एक विजेतेपद नाही. बाबा मामांना चिडवायचे आणि मामा ऐकून घ्यायचे. २०१७ पर्यंत हे असंच चाललं.

"तो आपलाच"

जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मुंबई रणजी फायनल हरली. गुजरातने पहिल्यांदाच ट्रॉफी जिंकली. त्या वेळी मुंबईचे कोच पंडितच होते. त्याआधी २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ अशा तीन ट्रॉफ्या त्यांनी मुंबईला कोच म्हणून मिळवून दिल्या होत्या. तरी पुढच्या हंगामासाठी मुंबईने कोच बदलला. विदर्भाने पंडितांना बोलावून घेतलं.

वर्ष पुरं व्हायच्या आत, १ जानेवारी २०१८ ला, त्याच होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला नऊ विकेटने हरवून पहिली रणजी ट्रॉफी उचलली. त्याआधीच्या सेमीफायनलमध्ये कोलकात्यात कर्नाटकला अवघ्या पाच धावांनी हरवलं होतं. रजनीश गुरबाणीने त्या मॅचमध्ये बारा विकेट घेतल्या आणि फायनलमध्ये हॅटट्रिक केली. हा गुरबाणी सिव्हिल इंजिनिअर. माझ्यासारख्या बीई झालेल्यांनी त्या आठवड्यात कॉलर जरा ताठ केली होती!

संध्याकाळी मामांचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर टाकला.

"पाह्यलं का जी भाऊजी? आता बोला!"

बाबांचं उत्तर तयार होतं. "अरे, जिंकलं कोण? कोच मुंबईचा, वसीम जाफर मुंबईचा. आमच्या माणसांनी तुम्हाला जिंकून दिलं."

समोरच्याचं कौतुक करायची वेळ आली की चाहता आधी हेच करतो. "तो आपलाच" म्हणतो. म्हणजे हरल्याचं दुःख अर्धं होतं आणि कौतुकही फुकट जात नाही. पण हे पूर्ण खरं नव्हतं. कर्णधार फैज फजल विदर्भाचा, फायनलमध्ये शतक मारणारा अक्षय वाडकर विदर्भाचा, गुरबाणी विदर्भाचा. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने नागपुरात अकादमी उभी करून मुलं घडवायला पंडित येण्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. पंडितांनी येऊन मुंबई आणली नाही. तिथे जे होतं, त्याला शिस्त लावली आणि जिंकायची सवय लावली.

"लॉटरी रोज लागत नसते"

बाबांचा पुढचा बचाव होता नशिबाचा. "एकदा लागली लॉटरी. रोज लागत नसते."

२०१८-१९ च्या हंगामात विदर्भाने नागपुरात मुंबईला एक डाव आणि १४५ धावांनी हरवलं. त्या दिवशी मामांचा फोन आला नाही. बाबांनाच ते जास्त लागलं. "चिडवत तरी," असं आईला म्हणालेले मी ऐकलं. त्या वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने ट्रॉफी राखली. आदित्य सरवटेने अकरा विकेट काढल्या. चाळिशी ओलांडलेल्या जाफरने हंगामात हजाराहून जास्त धावा केल्या. तो आयुष्यात दहा रणजी फायनल खेळला आणि दहाही जिंकला, आठ मुंबईकडून आणि दोन विदर्भाकडून.

दोन वर्षांत दोन ट्रॉफ्या आणि दोन्ही वर्षी इराणी करंडकही. आता लॉटरी म्हणायची सोय राहिली नाही. बाबांनी पंडितांच्या पद्धतीबद्दल वाचायला सुरुवात केली. मला लिंक पाठवायचे, वर काही लिहायचे नाहीत.

वाचून जे कळलं ते असं. पंडितांकडे वेळ म्हणजे वेळ. मोठा खेळाडू आणि नवा पोरगा यांना नियम एकच. प्रत्येकाला त्याचं काम नेमकं सांगितलेलं असतं आणि ते झालं नाही तर नाव कितीही मोठं असो, बोलणी बसतात. विकेट फुकट द्यायची नाही, समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नाही. मुंबईत याला एक शब्द आहे, खडूस. मुंबईचे लोक तो शिवी म्हणून वापरत नाहीत, अभिमानाने वापरतात.

बाबांना खरी टोचणी इथेच होती. जो खडूसपणा मुंबईच्या पाण्यातच असतो असं ते आयुष्यभर समजत आले, तो नागपुरात दोन वर्षांत रुजला होता. म्हणजे तो पाण्यात नव्हता, सरावात होता. कुणालाही शिकता येणारा होता. आवडत्या संघाबद्दल ही गोष्ट कबूल करणं चाहत्याला फार जड जातं.

चिन्नास्वामीचं जुनं देणं

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले. आता मामांचाही हक्क संपला. "गेला का तुमचा पंडित?" बाबांनी विचारलं. मामा म्हणाले, "तुमचा गेला, तसाच आमचा गेला जी." पहिल्यांदा दोघं एका बाजूला आले.

मध्य प्रदेशशी पंडितांचं नातं जुनं. भारताकडून पाच कसोटी आणि छत्तीस वनडे खेळलेले पंडित कारकिर्दीच्या शेवटच्या टप्प्यात मध्य प्रदेशकडून खेळले. १९९८-९९ च्या रणजी फायनलमध्ये ते त्यांचे कर्णधार होते. मैदान चिन्नास्वामी, समोर कर्नाटक. मध्य प्रदेशने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. नियमाप्रमाणे मॅच ड्रॉ झाली असती तरी ट्रॉफी त्यांची होती, फक्त शेवटचा दिवस खेळून काढायचा होता. तो निघाला नाही. संघ १५० वर कोसळला आणि ९६ धावांनी हरला.

तेवीस वर्षांनी तेच मैदान. मुंबईने पहिल्या डावात ३७४ केल्या, सरफराज खानचं शतक. बाबा खुशीत. मग मध्य प्रदेशची फलंदाजी सुरू झाली ती संपेच ना. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार, तिघांची शतकं, एकूण ५३६. ना घाई, ना हिरोगिरी. "अरे, हे तर आपण खेळायचो तसं खेळतायत," बाबा पुटपुटले. मुंबईचा दुसरा डाव २६९ वर आटोपला आणि १०८ धावांचं लक्ष्य मध्य प्रदेशने गाठलं. त्या संघाचा कर्णधार आदित्य श्रीवास्तव याला स्वतःच्या लग्नासाठीही पंडितांनी मोजकीच रजा दिली होती म्हणे.

आणि मग ते खांद्यावर उचलणं, ते रडणं आणि बाबांच्या त्या टाळ्या. मी नंतर विचारलं, "मुंबई हरली, तरी टाळ्या?" बाबा म्हणाले, "मुंबई हरली त्याचं वाईट वाटतंच आहे. पण तेवीस वर्षं एखादी गोष्ट मनात ठेवून तो माणूस परत त्याच जागी आला. त्याला टाळी नाही द्यायची तर कुणाला?"

सगळ्यांनाच मानवतं असं नाही

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही आरती होईल. आपल्या पिढीला दरडावून काम करून घेणारा माणूस सहसा आवडत नाही. मलाही नाही. पंडित पुढे आयपीएलमध्ये कोलकात्याचे कोच झाले. पहिल्या वर्षी, २०२३ ला, संघ सातवा आला. २०२४ ला ट्रॉफी जिंकली, तेव्हा मेंटॉर म्हणून गौतम गंभीर सोबत होता आणि बरंचसं श्रेय त्याला गेलं. २०२५ ला संघ आठवा आला आणि पंडित बाहेर पडले. त्यांची कडक पद्धत काही परदेशी खेळाडूंना रुचली नव्हती, हेही जाहीरपणे बोललं गेलं. जगभर खेळून आलेल्या मोठ्या माणसाला काय खायचं, कसं वागायचं हे सांगून चालत नाही. जिंकणं अजून पाहिलेलंच नाही अशा पोरांना मात्र कुणीतरी हात धरून शिस्तीत उभं करावं लागतं. एकच औषध दोघांना लागू पडेल असं नाही.

बंगळुरूत मुंबईचे कोच होते अमोल मुजुमदार. त्या दिवशी ते हरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताच्या महिला संघाने नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकला. मुजुमदारांची ओळख शांत माणूस म्हणून आहे. म्हणजे जिंकायला कडकच असावं लागतं असंही नाही.

मामांचा शेवटचा फोन

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२ वी ट्रॉफी घेतली. त्या मॅचमध्ये हरत असतानाही चौथ्या डावात शतक काढून झुंजला तो विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर. तोच, ज्याने पंडितांच्या हाताखाली पहिल्या फायनलमध्ये शतक केलं होतं. पुढच्याच हंगामात वाडकरच्या विदर्भाने सेमीफायनलला नागपुरात मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि मग केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरी ट्रॉफी जिंकली. हर्ष दुबेने ६९ विकेट घेऊन एका हंगामातला रणजी विक्रम केला. कोच होते उस्मान गनी. पंडितांना विदर्भ सोडून तेव्हा पाच वर्षं झाली होती.

मामांचा फोन आला. "आता तं पंडित नव्हता ना जी भाऊजी? आता कोणाचं नाव सांगता?"

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे चांगल्या माणसाची परीक्षा एकच असते. तो नोकरी सोडून गेल्यावर त्याने केलेलं काम चालतंय का? रात्री-अपरात्री त्याला फोन करावा लागत नसेल, तर तो खरा चांगला. मला वाटलं, बाबा आता पुन्हा मुंबईची फुशारकी मारतील.

बाबा जरा थांबले. मग म्हणाले, "नाव तुमच्याच पोरांचं. पण एकदा जिंकायला शिकवून गेला तो, आणि तुम्ही ते विसरला नाहीत. दोघांचंही अभिनंदन."

पलीकडे मामा गप्प. मग म्हणाले, "येतो मंग पेढे घेऊन वांकिडीला."

"या," बाबा म्हणाले. "पण मुंबईला हरवल्याचे वेगळे पेढे आणू नका."