इशारा पोहोचला होता

११ जानेवारी १९९४ रोजी रवांडाची राजधानी किगालीहून न्यूयॉर्कला एक तातडीचा संदेश गेला. पाठवणारे होते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे कॅनेडियन सेनापती रोमिओ दलेर. सत्ताधारी पक्षाच्या तरुण टोळ्यांना शिकवून तयार करणाऱ्या एका माणसाने त्यांना खबर दिली होती: शहरात शस्त्रे दडवली आहेत, अल्पसंख्य तुत्सी समाजातल्या लोकांच्या याद्या करण्याचा हुकूम सुटला आहे आणि आपली माणसे वीस मिनिटांत हजार जणांना मारू शकतील. दलेर यांना त्या साठ्यांवर छापा घालायचा होता. न्यूयॉर्कने मनाई केली आणि ही माहिती रवांडाच्या अध्यक्षांनाच कळवायला सांगितले. तीनच महिन्यांपूर्वी सोमालियात १८ अमेरिकी सैनिक मारले गेले होते. नव्या जोखमीला कोणीच तयार नव्हते.

६ एप्रिलला अध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि कत्तल सुरू झाली. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसांचा जीव गेला. कत्तल चालू असतानाच सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० जणांवर आणण्याचा ठराव केला.

खुणा लपलेल्या नव्हत्या. तुत्सींना झुरळे म्हणणारे रेडिओ केंद्र १९९३ पासून उघडपणे चालू होते. संकट आधी ओळखणे म्हणजे अशा खुणा एकत्र वाचणे: द्वेषाची भाषा, शस्त्रांची आवक, टोळ्यांच्या कवायती. पण वाचणाऱ्याच्या हाती अधिकार नसेल, तर अचूक अंदाजही फाइलीत पडून राहतो.

केनियाच्या ईशान्येला वजीर जिल्ह्यात हे काम अगदी उलट्या टोकाकडून सुरू झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सोमाली कुळांमध्ये रक्तपात चालू होता. देखा इब्राहिम अब्दी आणि त्यांच्या सोबतिणींनी आधी बाजार सांभाळला. कोणत्याही कुळातल्या बाईला तिथे निर्धास्त विकता-घेता यावे, यासाठी त्या लक्ष ठेवत. पुढे वडीलधारे, तरुण आणि सरकारी अधिकारी एका समितीत आले. कुरबुर कळली की माणसे लगेच तिथे जात. बातमी आणि कृती यांत अंतर फारसे उरत नसे. वजीरचे खरे बळ तेच.

२००७ च्या निवडणुकीनंतर देशाच्या इतर भागांत ११०० हून अधिक लोक मारले गेले, तेव्हा केनियाने या समित्यांचे जाळे वाढवले. २०१० मध्ये नव्या राज्यघटनेवर झालेल्या सार्वमताआधी तर कोणालाही १०८ क्रमांकावर फुकट संदेश धाडून धोका कळवता येऊ लागला. ते मतदान शांततेत पार पडले. त्याचे श्रेय एकट्या या व्यवस्थेचे नाही, पण या वेळी निरोप ऐकणारे जवळच होते आणि त्यांना हालचाल करण्याची मुभाही होती.