ओट्यावरचे लिंबू आणि सोप्यातली फरशी

नवीन घराला आशीर्वाद देण्याकरिता आम्हांस वारंवार बोलावणे येते. पवित्र जल शिंपडीत आम्ही सोप्यापासून परड्याच्या दारापर्यंत जातो, आणि घरधन्याने पैसा कोठे व कसा खर्चिला ते बहुधा पायांखालीच कळते. निपाणीकडच्या एका खेड्यातील घरी पायऱ्यांपासून न्हाणीघरापर्यंत सर्वत्र आरशासारखा ग्रॅनाइट घातलेला होता. प्रार्थना चालू असता घरातील आजीबाई भिंतीला हात लावून एकेक पाऊल टाकीत होत्या. मुलगा कौतुकाने फरशी दाखवीत होता, आजीबाई हळूच म्हणाल्या, "फादर, हितनं चालायचं म्हंजे व्हळातल्या शेवाळावरनं चालल्यागत वाटतंय बगा."

जन्मभर शेणाने सारवलेल्या भुईवर वावरलेल्या त्या बाईंना आता स्वतःच्याच घरात फिरण्याची भीती वाटत होती. तेव्हापासून दगडाविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे आमच्या मनात होते.

आपल्या भागात घरासाठी जे दगड येतात ते दिसण्यात निरनिराळे असले तरी गृहिणीच्या दृष्टीने त्यांच्या दोनच जाती समजाव्यात. शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या बाजूने येते, काळा कडाप्पा आंध्रातून आणि कोटा राजस्थानातून. हे तिन्ही चुनखडीचे दगड होत. संगमरवरही मूळचा चुनखडीचाच. भूगर्भातील उष्णतेने व दाबाने त्याचे रूप पालटले इतकेच. दुसऱ्या जातीत ग्रॅनाइट येतो. इरकली लुगड्यांचे जे इलकल, त्याच भागात तांबूस ग्रॅनाइटच्या खाणी आहेत. आपल्या पाट्या-वरवंट्याचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तोही चुनखडीचा नव्हे.

हा भेद ओळखण्यास विद्वत्ता नको, एक लिंबू पुरे. दुकानदाराकडून दगडाचा तुकडा मागून घ्यावा, त्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकावे आणि दहा मिनिटांनी पुसावे. तकाकी जाऊन तेथे फिकट डाग उमटला तर तो दगड चुनखडीचा. आंबट पदार्थातील आम्ल चुनखडीला खाते. पुष्कळ बायका "कडाप्प्याला डाग पडला" म्हणून घासत बसतात, पण ज्याला त्या डाग म्हणतात तो दगडाला पडलेला खळगा असतो. तो घासून कसा निघणार? चिंच, आमसूल, दही, टोमॅटो ह्यांवाचून ज्या घरी स्वयंपाक होत नाही, तेथे ओट्याला ग्रॅनाइटच घालावा. कडाप्पा असलाच तर आंबट सांडताक्षणी पुसून घ्यावे.

येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी सणाच्या आधी आमच्या राहत्या घराची जुनी शहाबादी फरशी कळकट दिसते म्हणून आम्हीच बाजारातून ॲसिडची बाटली आणविली व गड्याकडून फरशी धुऊन घेतली. ॲसिड पडताच फेस आला. मळ निघतो आहे असे समजून आम्ही समाधान पावलो, परंतु तो फेस दगड विरघळत असल्याचा होता. वाळल्यावर फरशी पांढुरकी व खरबरीत झाली, आणि महिन्याभरात पूर्वीपेक्षा अधिक काळी पडली. कारण खरबरीत दगडात मळ अधिक बसतो. मग पुन्हा ॲसिड, पुन्हा मळ. शेवटी ती यंत्राने घासून घ्यावी लागली. त्या खर्चाचा हिशेब येथे देत नाही.

ह्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र झाल्यास क्लोरिन वायू निघतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तोच हा वायू. बंद न्हाणीघरात तो श्वासाबरोबर आत गेला तर जीवावर बेतते. लेकीसुनांनी ह्या दोन वस्तू एका बादलीत कदापि येऊ देऊ नयेत.

नित्याची निगा साधी आहे. प्रथम केरसुणीने झाडावे, कारण पायांबरोबर आलेली वाळू शहाबादीहून कठीण असते व ओल्या फडक्याखाली तीच फरशीला ओरखडे पाडते. मग साधे पाणी, फार तर सौम्य साबण. दाराशी एक गोणपाट टाकले तरी अर्धे काम होते. तेल मुरले असल्यास खाण्याचा सोडा पाण्यात घट्ट कालवून त्याचा लेप रात्रभर ठेवावा. कडाप्प्यावर खोबरेल चोळून काळेभोर तेज आणण्याची हौस आम्ही पाहिली आहे. त्यावर धूळ चिकटते.

फरशीप्रमाणे भिंतीचीही काळजी घ्यावी लागते. बेळगाव-खानापूरकडील जांभ्याची घरे पुष्कळांची आहेत, आणि हल्ली गिलावा काढून लाल दगड उघडा दाखविण्याची टूम निघाली आहे. २०२४ च्या नोव्हेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनास जुन्या गोव्यात जे गेले, त्यांनी बॉम जेझू बॅसिलिका पाहिलीच असेल. तिचा लालसर रंग मूळचा नव्हे. १९५० नंतरच्या दशकात गिलावा काढण्यात आला, आणि तेव्हापासून सच्छिद्र जांभा पावसात झिजत आहे. पावसाच्या तोंडी असलेल्या भिंतीचा गिलावा राहू द्यावा.

घरी दगड कापण्याचे काम निघाले तर कारागिरास पाणी सोडून कापावयास सांगावे. ग्रॅनाइटच्या धुळीतील सिलिका फुफ्फुसात साठून जो रोग होतो तो बरा होत नाही. पाण्याने अंगणात चिखल होईल, तो होऊ द्यावा.

आणि चकचकीत ग्रॅनाइट ओट्यावर शोभतो. पायऱ्या व न्हाणीघर येथे खरबरीत दगडच हवा. निपाणीकडच्या त्या घरी आम्ही पुढे मुलाला एवढेच सुचविले. पाट्याला टाकी लावतात तशी त्याने पायऱ्यांना टाकी लावून घेतली आणि न्हाणीघरात पॉलिश न केलेली शहाबादी घातली. परवा त्या वाटेने जाताना आजीबाई वरच्या पायरीवर बसून लसूण सोलताना दिसल्या.