परप्रांतांत शिकावयास गेलेल्या मुलाचें मन



घरचें मूल शिक्षणासाठीं दूरच्या प्रांतांत जावयास निघालें म्हणजे आपण त्याच्या सामानाची यादी करतों. पांघरूण, तांब्या-भांडें, लाडवांचा डबा, प्रवेशाचे कागद, सारें दोनदां तपासून पाहतों. पण तेथें गेल्यावर त्याच्या मनाचें काय होणार आहे, याची कल्पना त्याला कोणी देत नाहीं. कारण ती बहुधा देणाऱ्यांनाहि नसते. आज त्याविषयीं चार शब्द सांगावे असा विचार आहे. मी विद्वान् नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि राजापूर तालुक्यांतील शाळांत मुलें शिकवीत आयुष्य घालविलें. या विषयांत माझ्या हातून एक चूक झाली आहे. तीच आज मला बोलावयास लावीत आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं माझा एक हुशार विद्यार्थी उत्तरेकडील एका विद्यापीठांत गेला. पहिल्या महिन्यांतील त्याचीं पत्रें आनंदानें भरलेलीं असत. दुसऱ्या महिन्यांत तीं आंखूड झालीं. तिसऱ्या महिन्यांत त्यानें वडिलांना कळविलें कीं, येथें माझें मन लागत नाहीं, येथलीं माणसें वाईट आहेत, मला परत न्या. वडील तें पत्र घेऊन माझ्याकडे आले. मीं फारसा विचार न करतां 'घेऊन या' म्हणून सांगितलें. मुलगा परत आला. आज त्याचें दुकान बरें चालतें, त्याच्या घरीं कशाची उणीव नाहीं. पण एकदां जत्रेंत भेटला असतां तो मला म्हणाला, "गुरुजी, आणखी दोन महिने थांबलों असतों तर?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें थोडें वाचन घडलें तेव्हां कळलें कीं, ज्या दिवसांत असा निर्णय घेऊं नये नेमक्या त्याच दिवसांत आम्हीं तो घेतला होता.

या मनःस्थितीला अलीकडे 'सांस्कृतिक धक्का' असें म्हणतात. कालेर्व्हो ओबर्ग नांवाच्या मानववंशशास्त्रज्ञानें १९५४ सालीं ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथें एक व्याख्यान दिलें आणि तें पुढें १९६० सालीं छापून आलें. त्यामुळें हा शब्द विशेष रूढ झाला. ओबर्गचें म्हणणें अगदीं साधें आहे. आपण ज्या समाजांत वाढतों तेथें शेंकडों बारीकसारीक खुणा आपल्याला न कळत येत असतात. केव्हां हंसावें, कोणास काय म्हणून हांक मारावी, दुकानदार 'नाहीं' म्हणाला तर तें खरें समजावें कीं घासाघीस करावी, हें आपण कधीं शिकलों असें आठवत नाहीं. परमुलखांत या खुणा एकाएकीं निकामी होतात. मोठीं संकटें माणूस ओळखतो व त्यांच्याशीं झगडतो; पण दिवसांतून पन्नास वेळां पायरी चुकावी तसें झालें म्हणजे तो थकतो, आणि आपण कशानें थकलों हेंच त्याला उमगत नाहीं.

ओबर्गनें या आजाराच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. प्रथम सारें नवें व मौजेचें वाटतें. मग तें नवेपण सरतें व मन कडू होतें. आपल्याच प्रांताचीं माणसें शोधून त्यांच्यांत बसून यजमानांना नांवें ठेवण्यांत समाधान वाटूं लागतें. तिसऱ्या अवस्थेंत भाषा जिभेवर येते आणि स्वतःच्या फजितीचें हंसूं येतें. चौथींत तेथील रीत ही जगण्याची आणखी एक रीत म्हणून पटते. नॉर्वेच्या लिसगोर नांवाच्या संशोधकानें अमेरिकेंत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांची केलेली पाहणी १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांच्या आंत परतलेले व अठरा महिन्यांहून अधिक राहिलेले लोक बरे रुळले होते. मधल्या मुदतीचे लोक अधिक अस्वस्थ होते. म्हणजे मनाचा मार्ग आपल्या घाटासारखा, आधीं उतार, मग तळ आणि मग चढ असा दिसला. मात्र हा नियम सर्वांना सारखा लागू पडत नाहीं. न्यूझीलंडांत शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांचा एक अभ्यास १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत अगदीं आरंभींचे दिवसच सर्वांत कठीण आढळले. तेव्हां तळ कोणत्या महिन्यांत येईल हें सांगतां येत नाहीं. पण तो बहुतेकांना लागतो, आणि बहुतेक जण त्यांतून वर येतात.

आतां एक प्रत्यक्ष ठिकाण घेऊं. १९१६ सालीं स्थापन झालेलें काशीचें हिंदु विश्वविद्यालय आपणां सर्वांना ऐकून ठाऊक आहे. २०२२ सालापासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवीच्या प्रवेशासाठीं देशभर एक सामाईक परीक्षा घेण्याची पद्धत सुरू झाली. ती परीक्षा मराठींतूनहि देतां येते. त्यामुळें आपल्या खेड्यांतील मुलांनाहि हें दार दिसूं लागलें. पण परीक्षा मराठींत झाली तरी पुढचा संसार मराठींत नसतो. मुंबईहून काशी लोहमार्गानें सुमारें दीड हजार किलोमीटर दूर आहे. आमच्या वाडींतील एक मुलगी अलीकडेच तेथें शेतकी शिकावयास गेली. तिच्याकडून जें ऐकलें त्यावरून खुणा कशा चुकतात हें सांगतों.

पहिली खूण भाषेची. हिंदी आपल्याला येते असें आपण समजतों, कारण लिपि एक आणि शब्द ओळखीचे. खरी अडचण या ओळखीच्या शब्दांचीच असते. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड, तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. आपली चेष्टा म्हणजे थट्टा, त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपण यातायात करून दमतों, तिकडे यातायात म्हणजे रस्त्यावरील रहदारी. सर्वांत नाजूक गोष्ट सर्वनामाची. मराठींत वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणावें, म्हणून आपलें मूल त्यांना हिंदींत 'तुम' म्हणतें. पण हिंदींत 'तुम' बरोबरीच्यांना व धाकट्यांना, मोठ्यांना 'आप'. या मुलीनें कचेरींतील एका वृद्ध कारकुनांना अत्यंत आदरानें 'तुम' म्हटलें, आणि त्यांचा चेहरा कां उतरला हें तिला आठ दिवस कळलें नाहीं. उलट तिची खोलींतील सोबतीण 'हम जा रहे हैं' म्हणाली, तेव्हां ही आणखी कोण येणार म्हणून दाराकडे पाहत राहिली. त्या भागांत एकटा माणूसहि स्वतःला 'हम' म्हणतो.

दुसरी खूण जिभेची. ओल्या खोबऱ्यावर वाढलेल्या मुलीला मोहरीच्या तेलाचा वास दारांतूनच परका वाटला. सकाळीं कचौडी आणि जिलेबी खाणारें गांव पाहून तिला नवल वाटलें. मात्र थंडींत सोबतिणीनें आग्रहानें 'चूडा-मटर' खावयास दिला, तेव्हां बशींत पाहते तों ओल्या वाटाण्याचे पोहे! नांव परकें, पदार्थ घरचा.

तिसरी खूण सूर्याची. ही आपल्या ध्यानींहि येत नाहीं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशीं अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे, व काशी त्या रेषेजवळच आहे. आपलें कोंकण तिच्या पश्चिमेस नऊ अंशांवर. एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें आपला सूर्य घड्याळाच्या मानानें सुमारें छत्तीस मिनिटें उशिरानें मावळतो. त्यांत काशी अधिक उत्तरेस असल्यानें तेथें थंडींत दिवस लहान होतो. दोहोंची भर पडून डिसेंबरांत काशीचा सूर्यास्त आमच्यापेक्षां जवळजवळ तासभर आधीं, सव्वापांचाच्या सुमारास होतो. मागून धुकें आणि कडाका येतो. आमच्या बाजूस सहा वाजतां मुलें अंगणांत खेळत असतात. तेथें त्याच वेळीं काळोख पडलेला असतो. ऐन कातरवेळीं घराची आठवण कां दाटून येते, याचें एक कारण आकाशांतच आहे.

चौथी खूण महिन्यांची. आणि मला वाटतें, सारा विषय तींत सामावला आहे. ही मुलगी नारळी पौर्णिमेनंतर काशीस पोंचली. घरीं आईचे श्रावणी सोमवार चाललेले, म्हणून तिनेंहि पहिल्या सोमवारीं उपास धरला. खाणावळींत सोबतिणी म्हणाल्या, "सावन तर संपला, आतां भादों लागला." तिला वाटलें, आपला महिनासुद्धां हिरावला गेला. रडूं आलें तें भुकेनें नव्हे, या एका वाक्यानें. याचा उलगडा पंचांगांत आहे. आपला महिना अमान्त, म्हणजे अमावास्येस संपणारा. उत्तरेकडे तो पूर्णिमान्त, पौर्णिमेस संपणारा. म्हणून शुक्लपक्षांत दोघांचा महिना एक असतो आणि कृष्णपक्षांत त्यांचा महिना आपल्या पुढें असतो. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्यांत, त्यांची जन्माष्टमी भाद्रपदाच्या कृष्णपक्षांत. आपली दिवाळीची अमावास्या आश्विनाची, त्यांची कार्तिकाची. पण चंद्र एकच आहे, आणि दोघेहि सण त्याच दिवशीं करतात. तिनें मला दूरध्वनि केला तेव्हां मीं तिला हेंच समजावून दिलें कीं, नांव निराळें आहे, दिवस एकच आहे.

एवढ्यानें दुःख मिटलें असें मात्र झालें नाहीं. दिवाळींत तिच्या सोबतिणी आपापल्या जिल्ह्यांत घरीं गेल्या. हिला गाडीचें आरक्षण मिळालें नाहीं. रिकाम्या वसतिगृहांतून तिनें वडिलांना 'मला न्या' म्हणून सांगितलें. वडील माझ्या ओटीवर येऊन बसले. मला जुना विद्यार्थी आठवला. या वेळीं मीं तीन प्रश्न विचारले : ती जेवते का, झोंपते का, वर्गांत जाते का? तिन्हींचें उत्तर 'होय' आलें. मग मीं म्हटलें, "संक्रांतीपर्यंत थांबूं. त्यानंतरहि तिला यावेंसें वाटलें तर मी स्वतः तुमच्याबरोबर आणावयास येतों, आणि तिला कोणी एक शब्द बोलणार नाहीं." परतीची वाट मोकळी आहे हें कळलें म्हणजे थांबण्याचें बळ येतें, असा माझा अनुभव आहे.

मधल्या काळांत आम्हीं थोडे नियम केले. आई दिवसांतून चार वेळां दूरध्वनि करी, तो रोज रात्रीं एकदांच व ठरल्या वेळीं करावयाचा. कारण सारा दिवस कान घराकडे लागला तर पाय तेथें रोंवत नाहींत. मुलीनें रोज एक तरी नवा स्थानिक शब्द अर्थासह वहींत लिहावयाचा. आठवड्यांतून एकदां मराठी बोलणाऱ्यांना भेटावयाचें, पण तेथें केवळ गाऱ्हाणीं गावयाचीं नाहींत. काशीच्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूस मराठी कुटुंबें पिढ्यान् पिढ्या राहत आलीं आहेत. १६७४ सालीं शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांचें घराणें पैठणहून तेथें गेलेलें. मराठी घरांत जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर हे काशीच्या 'आज' या हिंदी दैनिकाचे नामांकित संपादक झाले. आपलेपण राखून तेथलें होतां येतें, ही गोष्ट नवी नव्हे.

संक्रांत आली. त्या बाजूस या सणाला 'खिचडी' असेंच नांव आहे. त्या दिवशीं खिचडी खातात आणि तिळाचे लाडूहि करतात. मुलीनें वसतिगृहांत तिळगूळ वांटला व त्याबरोबर आपण काय म्हणतों तें सर्वांना शिकविलें. परत येण्याचा विषय तिनें काढला नाहीं, आम्हींहि काढला नाहीं. मोहरीचें तेल तिला अजून आवडत नाहीं, आणि आवडावें असें कांहीं बंधनहि नाहीं.

येथें एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. माझ्या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंहि उत्तर दोन-तीन आठवडे 'नाहीं' येत असेल, किंवा मूल जीव नकोसा झाल्याची भाषा करीत असेल, तर तो तळ नव्हे, आजार आहे. तेथें वाट पाहूं नये. वैद्यकीय मदत घ्यावी. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. आणि मुलाला घरीं आणणें प्राप्त झालें तर निःसंकोच आणावें. तो पराभव नव्हे.

शेवटीं आपल्या स्वतःविषयीं. पुण्या-मुंबईस बिहार, आसाम, केरळ येथून मुलें शिकावयास येतात. त्यांपैकीं बिहारचीं मुलें 'शिक्षा' हा शब्द ऐकून गोंधळतात, आपल्या कृष्णपक्षांत त्यांचाहि महिना चुकतो. त्यांच्या बोलण्यांत एखादें सर्वनाम उणेंदुणें आलें तर तो उद्धटपणा न मानतां तें सांभाळून घ्यावें. सणाच्या दिवशीं अशा एखाद्या मुलाला आपल्या पंक्तीला बोलवावें. आपली मुलगी काशीस ज्या पोह्यांच्या बशीनें सावरली, ती बशी तिला दुसऱ्या कोणाच्या तरी लेकीनेंच दिली होती.