संशोधनाची प्रचीति आणि विद्यापीठांचें कर्तव्य

एका प्रयोगशाळेंत जें आढळलें, तें त्याच रीतीनें प्रयोग केला असतां दुसऱ्या प्रयोगशाळेंतही आढळलें पाहिजे, ही शास्त्राची अगदीं मूळची अट होय. १६६० सालीं लंडनमध्यें स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीच्या ब्रीदवाक्याचा भावार्थही हाच आहे, कीं केवळ कोणाच्या शब्दावर विसंबून राहूं नये. मोठ्या माणसानें सांगितलें म्हणून नव्हे, तर पुन्हां पाहिलें असतां प्रचीति येते म्हणून शास्त्रीय सत्य मानावयाचें. श्रोतेहो, ही प्रचीति हल्लीं कितपत येते, आणि येत नसेल तर ती यावी म्हणून खटपट कोणी करावयाची, या प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

मानसशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या मंडळानें आपल्या शास्त्रांतील शंभर प्रसिद्ध प्रयोग पुन्हां करून पाहिले व २०१५ सालीं त्याची हकीकत छापली. मूळच्या निबंधांपैकीं शेंकडा ९७ निबंधांत संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरणारा परिणाम नमूद होता. पुन्हां केलेल्या प्रयोगांपैकीं शेंकडा ३६ प्रयोगांतच तो दिसला. त्यापूर्वीं २०१२ सालीं ॲम्जेन या अमेरिकन औषध-कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं कर्करोगाविषयींचीं ५३ महत्त्वाचीं संशोधनें ताडून पाहिल्याचें जाहीर केलें. त्यांपैकीं सहांचीच प्रचीति त्यांना आली होती.

हे आंकडे ऐकून शास्त्रज्ञ लबाड झाले, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. लबाडीही असते, परंतु पुष्कळसे दोष प्रामाणिक माणसांच्याच हातून घडतात. प्रयोगासाठीं घेतलेलीं माणसें किंवा जनावरें थोडीं असलीं, म्हणजे निव्वळ योगायोगालाही नियमाचें रूप येतें. दहा गोष्टी मोजाव्या, त्यांतील एक मनाजोगी निघाली कीं तेवढीच छापावी आणि बाकीच्या नऊ टिपणवहींतच राहूं द्याव्या, हें तर नकळतही होऊन जातें. आधीं बाण सोडावा आणि तो जेथें रुतेल त्याच्याभोंवतीं मग वर्तुळ काढावें, तशांतला हा प्रकार आहे. मग नेम चुकणार कसा?

वर्तुळ आधीं काढून घेणें, हाच यावर उपाय. काय मोजणार व किती माणसांवर मोजणार, हें प्रयोगापूर्वींच जाहीरपणें नोंदवून ठेवावें. अमेरिकेंतील हृदय-फुप्फुस-रक्तविषयक राष्ट्रीय संस्थेच्या मदतीनें झालेल्या मोठ्या चाचण्यांचा इतिहास या बाबतींत बोलका आहे. २००० सालापूर्वींच्या ३० चाचण्यांपैकीं १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. त्या सुमारास पूर्वनोंदणीची पद्धत सुरू झाली, आणि नंतरच्या २५ चाचण्यांपैकीं अवघ्या दोन चाचण्यांत तो दिसला. हा सारा फरक एकट्या नोंदणीमुळेंच पडला, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु हृदयविकाराची गोळी ज्या घरांत रोज घेतली जाते, त्या घराला हे आंकडे परके वाटण्याचें कारण नाहीं.

मग सर्वच संशोधक अशा काटेकोरपणानें कां वागत नाहींत? कारण तसें वागणाऱ्याचें बहुधा नुकसान होतें. तरुण संशोधकाची नेमणूक आणि बढती त्याचे निबंध किती व कोणत्या नियतकालिकांत छापले, यावर पुष्कळशी ठरते. जो सावकाश, ताडून पाहून काम करतो, किंवा दुसऱ्याचा प्रयोग पुन्हां करण्यांत वर्ष घालवतो, तो मागें पडतो. उपदेश सचोटीचा करावयाचा आणि बक्षीस मात्र घाईला द्यावयाचें, हा न्याय नव्हे. म्हणून ही जबाबदारी विद्यापीठांच्या धुरीणांवर येऊन पडते.

ब्रिटनमध्यें २०१९ सालीं ‘यूके रिप्रॉड्युसिबिलिटी नेटवर्क’ नांवाचें जें मंडळ निघालें, त्यानें हें मर्म ओळखलें. त्याचें सभासद होणाऱ्या विद्यापीठाला संशोधनसुधारणेसाठीं एक वरिष्ठ पद निर्माण करावें लागतें. नव्या संशोधकांना योग्य पद्धतींचें शिक्षण मिळावें, मूळ आंकडे इतरांना तपासावयास खुले राहावे, आणि नेमणुका व बढत्या यांचे निकष सुधारावे, अशा कामांना त्यानें चालना द्यावयाची असते. आणखी एक अधिकारी म्हणजे आणखी चार तक्ते भरणें आलें, असा आक्षेप यावर निघेल, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. कसोटी एकच: नेमणुका ठरविणाऱ्या मंडळींत त्या अधिकाऱ्याच्या शब्दाला वजन आहे कीं नाहीं?

आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ सालच्या नियमांत, पीएच. डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वीं निदान एक निबंध छापून आला पाहिजे, अशी अट होती. २०२२ सालच्या नियमांत ती वगळण्यांत आली. छापण्याची सक्ती सोडणें ही एक पायरी झाली. प्रयोग फसला असतांही ज्यानें तो जसाच्या तसा नोंदला, त्या तरुणाच्या पाठीशीं उभें राहणें ही पुढची पायरी होय, आणि ती चढण्याचें काम विद्यापीठें चालविणाऱ्यांचेंच आहे.