बस तीच, मालक नवा

मुंबईत ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने वीज आणि ट्रामची खासगी कंपनी ताब्यात घेतली. नावातल्या ‘ट्रामवेज’चे ‘ट्रान्सपोर्ट’ झाले. आद्याक्षरे तीच राहिल्याने ‘बेस्ट’ बेस्टच राहिली. कागदपत्रांचे काम मात्र इतके सोपे नसते.

पुण्याचेच पाहा. २००७ साली पुणे महापालिकेची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. एमएच-१२ आणि एमएच-१४ अशा दोन पासिंगच्या बस एका छत्राखाली आल्या. तोटा वाटून घ्यायचे प्रमाणही ठरले : पुणे महापालिका ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४० टक्के.

अशा वेळी मालमत्ता हलते कशी? बस ताब्यात आली तरी आरटीओत आरसीवर नव्या मालकाचे नाव चढावे लागते. परमिटही आपोआप येत नाही. त्यासाठी परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते. डेपोचे त्रांगडे वेगळे. जागा पालिकेच्या नावावर ठेवून कंपनीला नुसती वापरायला देता येते. पण मग दुरुस्ती कोणाची, भाडे किती, हे करारात हवे. स्टोअरमधले टायर मोजायचे, तसे न विकलेल्या तिकिटांचे गठ्ठेही पहिल्या-शेवटच्या नंबरासह मोजायचे. तिकीट म्हणजे रोकडच.

सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे सेवापुस्तक. रुजू तारीख, वेतनवाढ, रजा, शिक्षा, सगळे त्यात. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५एफएफचा रोख साधा होता : मालक बदलताना नोकरीत खंड पडू नये, सेवाशर्ती घटू नयेत आणि जुन्या सेवेची जबाबदारी नव्या मालकाने घ्यावी, नाहीतर कामगाराला भरपाई. ग्रॅच्युइटीही सेवेच्या वर्षांवरच मोजतात. एक पान गहाळ झाले, तर तेवढी वर्षे सिद्ध करायला कंडक्टरने कुठे जायचे?

त्यात दोन ज्येष्ठता याद्यांची एक करायची. समजा, एक जण इकडे १९९० साली लागला, दुसरा तिकडे १९९२ साली. पण दुसऱ्याला बढती आधी मिळाली. मग वरचा कोण? नियम आधी ठरला नाही, तर भांडण कोर्टातच जाते.

पुढे कधीतरी निवृत्तीच्या दिवशी कारकून ते पुस्तक उघडतो. जुन्या संस्थेची शेवटची तारीख आणि नव्या संस्थेची पहिली तारीख यांत एका दिवसाचीही फट नसेल, तरच हस्तांतर नीट झाले म्हणायचे.